छडी आणि तिचे वारस

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देशावरच्या किंवा कोकणातल्या एखाद्या बऱ्यापैकी वस्तीच्या गावात, देवळाच्या ओवरीत अथवा कुणा सधन गृहस्थाच्या ओसरीवर जी गावठी शाळा भरत असे, तिच्यात पंतोजींचे सकाळचे पहिले काम पुष्कळदा शिकविण्याचे नसे, न आलेल्या मुलांना आणविण्याचे असे. चार धट्टीकट्टी मुले निवडून ती मोहिमेवर रवाना होत. माळ्यावर, कणगीच्या आड, गोठ्यात किंवा आजीच्या पदराखाली दडलेला फरारी हुडकून काढीत. आणि दोघांनी हात व दोघांनी पाय धरून त्याची उचलबांगडी करीत भर रस्त्याने त्याला शाळेत आणून टाकीत. त्या मिरवणुकीत आणणाऱ्यांना जो आनंद होई त्यात विद्येच्या प्रेमाचा भाग किती आणि कालपर्यंत आपणही असेच आणले जात होतो या आठवणीचा भाग किती, हे सांगणे कठीण आहे. पुढचा सोपस्कार पंतोजींचा. कान पिळणे, अंगठे धरून ओणवे उभे करणे आणि पाठीवर पाटी ठेवणे, उठाबशा, हाताच्या तळव्यावर वेताची छडी, आणि फारच हट्टी गुन्हेगार असेल तर आढ्याच्या दोरीला हातांनी लोंबकळत ठेवण्याचा तो ‘घोडी’ नावाचा प्रकार, अशी या दंडनीतीची चढती श्रेणी होती. छडी आणि विद्या यांची सांगड घालणारी म्हण शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या तोंडी आजतागायत आहे, यावरून तिचा अंमल किती खोलवर होता याची कल्पना येते.

या पंतोजींना क्रूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु त्यात इतिहासाला न्याय मिळत नाही. त्यांना सरकारातून वेतन नव्हते. पालकांकडून मिळणारा थोडा रोख मुशाहिरा, धान्य आणि सणावारी येणारा शिधा यांवर त्यांचा संसार चाले, आणि मुलगा शाळेत आला नाही की शिधाही आटे. शिवाय आज आपण ज्याला वर्ग म्हणतो तशी वस्तूच त्या शाळेत नव्हती. एक पोर धूळपाटीवर विटकरीच्या भुकटीत बोटाने ‘श्री’ गिरवीत आहे, दुसरा पावकी-निमकीत अडकला आहे, तिसरा औटकीपर्यंत पोहोचला आहे, चौथा मोडीचा किता घोटीत आहे, पाचवा जमाखर्चाचे हिशेब करतो आहे, आणि हे सर्व एकाच जाजमावर, एकाच माणसाच्या नजरेखाली, एकाच वेळी मोठमोठ्याने चालले आहे. आवाज हा त्या शाळेत अपराध नव्हता. उलट ओसरीवरून ओरडा ऐकू येईनासा झाला की यजमानाला शंका येई की आज शाळा बरखास्त झाली की काय. गैरहजेरी, पाढ्यातली चूक आणि उद्धटपणा एवढेच त्या संस्थेचे दखलपात्र गुन्हे होते. बोलणे, हलणे, शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणे यांची गणना अपराधांत नव्हती. मुलाचे कोणते वर्तन ‘वाईट’ ठरावे हे मुलाच्या स्वभावापेक्षा शाळेच्या रचनेवर अधिक अवलंबून असते, आणि छडी बाजूला ठेवू पाहणाऱ्या दोनशे वर्षांतल्या सर्व प्रयत्नांचा निवाडा करताना हीच कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटत आली आहे.

या रचनेतला एक विशेष असा की मोठी मुले लहानांना शिकवीत. पंतोजी चार वरच्या मुलांना धडा देत आणि ती चौघे खालच्या विसांना तो पोहोचवीत. अशीच एक देशी शाळा मद्रासजवळ अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याच्या दृष्टीस पडली. बेल १७८७ साली हिंदुस्थानात आला आणि १७८९ साली एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा अधीक्षक झाला. युरोपियन सैनिकांना झालेली, बहुतांशी देशी आयांची ही मुले. त्यांना शिकविणारे पगारी शिक्षक त्यांना कुचकामी समजत आणि नवे काही करून पाहण्यास मुळीच राजी नसत. वाळूत बोटाने अक्षरे काढणारी मलबारी मुले पाहून बेलने तीच युक्ती आपल्या आश्रमात आणली, आणि शिक्षक ऐकेनात तेव्हा अवघ्या आठ वर्षांच्या एका मुलाकडे अक्षरओळखीचा वर्ग सोपविला. तो प्रयोग साधला. १७९७ साली लंडनला त्याचा वृत्तांत छापून निघाला तेव्हा शिक्षणाच्या स्वस्ताईवर युरोप भाळला. परंतु त्या वृत्तांतातली आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळीच आहे. बेलने आश्रमात एक काळी वही ठेविली होती. जो काही उपद्रव होई त्याची नोंद तिच्यात व्हायची. आठवड्यातून एकदा सर्व शाळेसमोर ती वही वाचली जाई. आणि मुलांतूनच निवडलेले पंच आरोपीची जबानी ऐकून निकाल देत. महिनेच्या महिने एकही शिक्षा देण्याचा प्रसंग आला नाही, असा बेलचा दावा आहे. तो अक्षरशः खरा मानण्याचे कारण नाही, कारण आपल्या पद्धतीच्या जाहिरातीत बेल कधी कसूर करीत नसे. पण रागाच्या भरात उठणारा हात आणि आठवड्याने होणारा निवाडा यांच्यामध्ये सहा दिवस घालण्याची ती कल्पना विचारी माणसाची होती यात शंका नाही.

त्याच सुमारास, १७९८ पासून, लंडनच्या साऊथवर्क भागात जोसेफ लँकेस्टर नावाचा एक तरुण क्वेकर गरीब मुलांची शाळा चालवीत होता. क्वेकर पंथाच्या शिकवणुकीप्रमाणे त्याला मारपिटीचा मनस्वी तिटकारा होता, आणि फटके मारण्याची चाल शाळांतून नाहीशी व्हावी असे तो छातीठोकपणे लिहीत असे. एका दालनात शेकडो मुले, प्रत्येक रांगेवर एक नायक, शिट्टीच्या किंवा घंटेच्या इशाऱ्यावर पाट्या वर, पाट्या खाली, असा त्याचा कवायती थाट होता. आता अशा रचनेत कुजबुज हाच मोठा गुन्हा ठरणार हे उघड आहे; गावठी शाळेत जी गोष्ट विद्याभ्यासाचे लक्षण होती ती येथे बंडाचे लक्षण ठरली. मग लँकेस्टरने छडीच्या जागी काय आणावे? बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात ४ ते ६ पौंड वजनाचा लाकडी ओंडका. फिरणाऱ्याच्या पायांत लाकडी खोडे. अनेक अपराध्यांना एका जुवाला जुंपून शाळाभर उलटे चालविणे. आणि पराकोटीच्या गुन्ह्यासाठी टोपलीत किंवा पिंजऱ्यात बसवून छताला टांगणे, म्हणजे खालून सर्व सवंगड्यांनी त्याच्याकडे पाहून हसावे. अंगाला बोटही लावायचे नाही, हा नियम या सर्वांत कटाक्षाने पाळलेला आहे. छडीची जागा रिकामी राहत नसते, तिला वारस मिळतो, आणि लँकेस्टरच्या शाळेत तो वारस लज्जा होती. मला विचाराल तर पंतोजींच्या वेतापेक्षा ही टोपली अधिक अमानुष आहे; वेताचा वळ दोन दिवसांत जातो, आणि टोपलीतल्या मुलाला हसणारे सवंगडी दुसऱ्या दिवशीही त्याच्या शेजारीच बसलेले असतात.

ओसरीवरून निघालेली ही पद्धत अशी मद्रासमार्गे लंडनला गेली आणि तेथून इंग्रजी कपडे चढवून मुंबईस परत आली, हा इतिहासातला एक गमतीचा फेरा आहे. १८१५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या शाळांत ती चालू झाली. १८२२ साली देशी लोकांच्या शिक्षणासाठी निराळी मंडळी निघाली, तिचे काम कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्याकडे आले, आणि १८२६ साली या पद्धतीत तयार झालेले चोवीस शिक्षक दक्षिण, कोकण आणि गुजरात या प्रांतांत नेमून पाठविले गेले. त्यांच्याबरोबर छापील पुस्तके गेली, आणि १८२८ च्या सुमारास सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ व ‘इसापनीती’ ही त्यांत सामील झाली, म्हणजे गोष्ट नावाची वस्तू शाळेत अधिकृतपणे प्रविष्ट झाली. परंतु पंतोजींची छडी काही या नव्या गुरुजींनी घरी ठेविली नाही. १८५५ साली विद्याखाते निघाले. मग बाके आली, घड्याळ आले, इयत्ता आल्या, आणि वर्षातून एकदा घोड्यावर बसून किंवा दमणीतून येणारे डेप्युटी आले, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, ज्यांच्या शेऱ्यावर मास्तरांची बढती अवलंबून असे. खाजगी शाळांना तर पास झालेल्या मुलांच्या संख्येवर अनुदान मिळू लागले. ज्या मुलाला वाचता येत नाही तो आता आपल्या बापाचेच नव्हे तर संस्थेच्या तिजोरीचेही नुकसान करू लागला, आणि हे नुकसान मास्तर कोणाच्या तळव्यावरून वसूल करीत असतील हे सांगावयास नको. बाकावर उभे करणे ही शिक्षा बाक आल्यावरच शक्य झाली, हेही जाता जाता ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या काळातील एक कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. वर्गात भुईमुगाची टरफले पडलेली आहेत, मास्तर सर्वांना ती उचलण्याचे किंवा छडी खाण्याचे फर्मान सोडतात, आणि बाळ टिळक नावाचा मुलगा आपण शेंगा खाल्ल्याच नसल्याने दोन्हींस नकार देतो. ही कथा आपण लोकमान्यांच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वर्गात शेंगा न खाल्लेली आणखी काही मुले असतीलच ना? त्यांनी निमूटपणे टरफले उचलली किंवा हात पुढे केला, आणि त्यांच्यावर कोणी गोष्ट लिहिली नाही. गुन्हेगार सापडत नाही म्हणून सर्व गावावर दंड बसविण्याचा राजकीय शिरस्ता आपण ज्या काळात परकी जुलूम म्हणून निषेधीत होतो, त्याच काळात तो आपल्या शाळांतून नित्याचा होता.

छडी हा शिक्षकाच्या स्वतःच्या विवेकबुद्धीचा प्रश्न म्हणून ठळकपणे मांडला गेला तो दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गपासून काही मैलांवर, अकराशे एकरांच्या टॉलस्टॉय फार्मवर, १९१० पासून सत्याग्रहींची कुटुंबे राहत होती, आणि त्यांच्या मुलांना शिकविण्याचे काम गांधीजींनी स्वतःकडे घेतले होते. मुलांना मारण्याच्या ते विरुद्ध होते. त्यांत सतरा वर्षांचा एक अंगापिंडाने मजबूत मुलगा होता, खोटे बोलणारा, भांडखोर, कोणाला न जुमानणारा. एके दिवशी समजावून सांगूनही तो ऐकेना, उलट त्यांनाच फसवू पाहू लागला, तेव्हा जवळ पडलेली आखणी उचलून गांधीजींनी त्याच्या दंडावर मारली. मारताना ते स्वतः थरथरत होते. मुलगा रडला आणि त्याने क्षमा मागितली. मनात आणले असते तर तो मला परत मारण्याइतका धडधाकट होता, तो रडला ते दुखण्यामुळे नव्हे, असे आत्मकथेत नमूद करून गांधीजी पुढे आपण केले ते योग्य की अयोग्य याचा निर्णय आजही झालेला नाही अशा अर्थाची कबुली देतात. पुढे फिनिक्स आश्रमात दोन व्यक्तींच्या नैतिक स्खलनाची वार्ता आली तेव्हा त्यांनी सात दिवस उपवास आणि साडेचार महिने एकभुक्त राहण्याचे व्रत घेतले. नोव्हेंबर १९२५ मध्ये साबरमतीच्या आश्रमातील मुलांच्या गैरवर्तनाबद्दल पुन्हा सात दिवसांचा उपवास केला. दोष शिष्याचा आणि दंड गुरूला, ही कल्पना भव्य आहे. परंतु जो मुलगा आपल्यामुळे एक थोर माणूस सात दिवस अन्नावाचून राहिलेला पाहतो, त्याच्या मनावर पडणारे ओझे लँकेस्टरच्या ओंडक्यापेक्षा हलके असते असे मी तरी म्हणणार नाही. गांधीजींनाही याची जाणीव होती. गुरू आणि शिष्य यांच्यात निर्मळ प्रेमाचे नाते नसेल तर असा उपवास निरर्थक, किंबहुना घातक ठरेल, असा इशारा त्यांनी देऊन ठेविला आहे. जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेतल्या, चार इयत्ता एकटा सांभाळणाऱ्या मास्तराला हा मार्ग उपलब्ध नव्हता, हे सांगणेही अनावश्यक आहे.

महाराष्ट्रात या प्रेममार्गाचे सर्वांत लोकविलक्षण उदाहरण म्हणजे अमळनेर. पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ साली तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि लवकरच छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. छात्रालय म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेली, घरापासून प्रथमच तुटलेली, वाढत्या वयाची मुले. त्यांच्या खोल्या म्हणजे उकिरडा, अंथरुणे दिवसभर तशीच पसरलेली, कपडे खुंटीपेक्षा जमिनीवर अधिक. कोणाही व्यवस्थापकाने येथे नोटीस लावली असती, दंड बसविला असता, पालकांस पत्र लिहिले असते. साने गुरुजी मुले शाळेत गेली की खोल्यांत शिरत, केर काढीत, अंथरुणांच्या घड्या करीत, मळके कपडे धुऊन ठेवीत, आणि याबद्दल चकार शब्द काढीत नसत. त्यांचे विद्यार्थी पुढे आयुष्यभर हे सांगत राहिले. पहिले काही दिवस मुलांनी या सेवेचा आनंदाने लाभ घेतला असेल, मुले ती मुलेच. पण हळूहळू लाज वाटू लागली आणि खोल्या आपोआप झाडल्या जाऊ लागल्या. येथेही लज्जेनेच काम केले, हे कबूल केले पाहिजे. फरक एवढाच की ती चारचौघांच्या हसण्यातून आलेली नव्हती, आणि मुलगा ती आपल्यापाशीच ठेवू शकत होता.

गुरुजींच्या डोळ्यांतल्या पाण्याविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यांच्या दुसऱ्या एका उपक्रमाकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. ते रोज पहाटे उठून ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत आणि मुलांना वाचायला लावून ठेवीत. त्यात जगातल्या घडामोडी असत, थोरांची चरित्रे असत, आणि छात्रालयातल्या बऱ्यावाईट गोष्टींवर हलक्या हाताने केलेली टिप्पणी असे. मुलांनी त्याभोवती गर्दी करावी. खोली झाडणे हे गुरुजींच्या व्यक्तित्वाशी निगडित होते, दुसऱ्या कोणी केले असते तर ते ढोंग वाटले असते. पण हस्तलिखित दैनिक ही कोणाही शिक्षकाला करता येण्यासारखी व्यवस्था आहे. रिकामे मन आणि सकाळचा रिकामा अर्धा तास यांच्यातून जो उपद्रव जन्मतो त्याच्या वाटेवर तिने काहीतरी वाचनीय ठेविले. १९३० साली गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, आणि त्यांच्या आयुष्याचे हे शिक्षकी पर्व अवघ्या सहा वर्षांत संपले.

व्यक्तीच्या थोरवीवर विसंबून न राहता खोलीची आणि दिवसाची मांडणीच बदलून पाहण्याचे श्रेय भावनगरकडे जाते. तेथे नानाभाई भट्ट यांनी काढलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेले गिजुभाई बधेका १९१६ साली दाखल झाले, आणि माँटेसरीबाईंच्या ग्रंथांचा अभ्यास करून १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलाच्या उंचीची फडताळे, त्याला उचलता येईल असा पाट, हाताला काम देणारी साधने, आणि कोणते साधन घ्यावे याची मुभा. माँटेसरीबाईंचा सिद्धांत असा की ज्याला आपण खोडी म्हणतो ती बहुधा अडविलेल्या कामाची वाफ असते. मुलाला त्याच्या जोगते काम मिळाले की शांतता शिकवावी लागत नाही. सिद्धांत म्हणून हे ऐकावयास गोड आहे. परंतु गिजुभाईंनी ‘दिवास्वप्न’ या आपल्या गुजराती पुस्तकात तो चौथीच्या एका सामान्य, सरकारी थाटाच्या वर्गात उतरवून दाखविला आणि पहिल्याच प्रकरणात त्याची फजिती रंगविली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे आणि विनोदबुद्धीचे द्योतक आहे.

पुस्तकातले शिक्षक लक्ष्मीराम विद्याधिकाऱ्याकडून एका वर्षासाठी तो वर्ग मागून घेतात आणि पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने शांततेचा खेळ मांडतात. दारे-खिडक्या लावून अंधार करायचा, सर्वांनी निःस्तब्ध बसायचे, आणि मग दूरचे बारीक आवाज ऐकायचे, अशी पुस्तकात वाचलेली ती योजना. अंधार होताच कोणी जनावरांचे आवाज काढतो, कोणी पाय आपटतो, कोणी टाळ्या वाजवितो, आणि साऱ्या वर्गात हशा पिकतो. मुलांना सुटी देऊन टाकावी लागते, तर त्यांच्या गोंगाटाने शेजारच्या वर्गांचे मास्तर संतापून येतात. आता येथे छडीचा पुरस्कर्ता म्हणणार की पाहा, मोकळीक दिली की असेच व्हायचे. लक्ष्मीरामांना दुसऱ्या दिवशी छडीची आठवण होत नाही आणि उपदेशाचीही होत नाही. ते गोष्ट सांगू लागतात. मुले सरकत सरकत जवळ येतात, तोंडे उघडी पडतात, गोष्टीच्या आशेने हजेरीही निमूट होते, आणि सुटीची घंटा वाजली तरी कोणी उठत नाही. पुढे पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टींची पुस्तके घेऊन वर्गात वाचनालय उभे राहते. खेळ येतात, नाटके येतात, नखे कापणे आणि केस विंचरणे येते. मौज अशी की गोष्टीच्या वेळी जी शांतता झाली ती आदल्या दिवशी मागून मिळाली नव्हती.

या भावनगरच्या प्रयोगात गिजुभाईंच्या बरोबरीने राबणाऱ्या ताराबाई मोडक मूळच्या मुंबईच्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, ‘शिक्षणपत्रिका’ चालविली, आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढला. ही सर्व मध्यमवर्गाची, स्वच्छ कपड्यांच्या मुलांची शाळा. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या, आणि त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे सर्व काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांमध्ये गेले. तेथे माँटेसरी साधनांच्या महागड्या पेट्या नेऊन काय उपयोग! शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या आणि चिंचोके यांतून साधने तयार झाली. मोजावयाचे तर चिंचोके मोजावे, रंग ओळखावयाचे तर पाने ओळखावी. आणि बालवाडीत मूल येत नाही तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात भरवावी, असा विचार करून शिक्षिका सकाळी पाड्यावर जाऊन मुलांना आंघोळी घालू लागल्या, केस विंचरू लागल्या, आणि तेथेच गाणी व गोष्टी होऊ लागल्या. आज देशभर ठाऊक असलेल्या अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ या उद्योगात आहे.

परंतु या लेखाच्या दृष्टीने कोसबाडची सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे कुरणशाळा. सात-आठ वर्षांची वारली मुले शाळेच्या पटावर होती आणि शाळेत नव्हती. सरकारी भाषेत ही अनियमित उपस्थिती, मास्तरांच्या भाषेत उनाडकी, आणि पंतोजींच्या काळी असती तर यांच्या मागे चार धट्टीकट्टी मुले रवाना झाली असती. अनुताईंनी मुले कोठे जातात ते पाहिले. ती गुरे राखावयास जात होती, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना मजुरीवर जावे लागे आणि गुरे कोणीतरी राखलीच पाहिजेत. मुलाला शाळेचा कंटाळा होता किंवा नव्हता हा प्रश्नच मग गौण ठरला. शिक्षकच कुरणावर गेले. गुरे चरत असताना झाडाखाली वर्ग भरू लागला, आणि गाय शेतात शिरली तर मुलाने वाचन सोडून धावत जावे, तिला वळवावे आणि परत येऊन बसावे, यात कोणाला काही गैर वाटेनासे झाले. वर्ग चालू असताना उठून पळणे हा शहरातल्या शाळेत केवढा अपराध! कुरणावर तो कर्तव्याचा भाग होता. येथे छडीला वारस मिळालाच नाही, कारण ज्या अपराधासाठी तिची गरज भासली असती तो अपराधच शिल्लक राहिला नाही. गुरुजींचे अश्रू किंवा महात्म्याचा उपवास याची येथे आवश्यकता नव्हती. आवश्यकता होती ती मूल का येत नाही याची चौकशी करण्याची, आणि चौकशीचे उत्तर गैरसोयीचे आले तरी शाळेची वेळ आणि जागा बदलण्याच्या तयारीची.

ही तयारी दुर्मिळ असते. सर्वसाधारण शाळेला कुरणावर जाता येत नाही, तिचे वेळापत्रक आणि इमारत ठरलेली असते, आणि वर्गात असे एखादे मूल असते की जे गोष्टीनेही बसत नाही, कामानेही रमत नाही आणि शेजाऱ्याला रोज बोचकारते. त्याच्या बाबतीत बेलची काळी वही, म्हणजे काय घडले, केव्हा घडले, त्याआधी काय घडले होते, याची शांत नोंद, मला अजूनही उपयोगी वाटते; फक्त ती सर्व शाळेसमोर वाचू नये. अनेक चांगले शिक्षक अशी वही ठेवतात आणि चार-सहा आठवड्यांनी त्यांना आढळते की मूल सोमवारी अधिक बिथरते, किंवा गणिताच्याच तासाला, किंवा दुपारच्या भोजनाच्या आधीच्या तासाला. आणि मग उपाय त्या मुलाच्या शेजाऱ्याची जागा बदलण्यापासून सकाळी मूठभर चुरमुरे देण्यापर्यंत कोठेही सापडू शकतो.

अखेर कायदा आला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाईची तरतूद केली. पंतोजींचा वेत आणि लँकेस्टरची टोपली ही दोन्ही एकाच वाक्यात बेकायदा झाली. १६ व्या कलमाने मुलाला प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत नापास करून मागे ठेवणे किंवा शाळेतून काढणे बंद केले होते, म्हणजे छडीचा आणखी एक वारस, नापास होण्याचा धाक, हाही दूर केला होता. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या वर्गांपुरते मागे ठेवण्याचे दार राज्यांना पुन्हा उघडून दिले. शिक्षकांच्या खोलीत या १७ व्या कलमाविषयी जी कुरकूर ऐकू येते, आता धाक उरला नाही, हात बांधले, पोरे शेफारली, ती अगदीच अनाठायी नाही. छडी काढून घेताना तिच्या जागी काय करावे याचे शिक्षण फार थोड्यांना मिळाले. पण त्याच अधिनियमाला एक अनुसूची जोडलेली आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. सहावी ते आठवीत दर ३५ मुलांमागे निदान एक शिक्षक. शारीरिक शिक्षेच्या बंदीचे परिपत्रक मुख्याध्यापकांच्या फायलीत वर लावलेले असते. अनुसूचीतल्या या आकड्यांची मागणी करणारा अर्ज मात्र क्वचितच पाहावयास मिळतो, आणि पालकांच्या सभेत तर मी तो विषय निघालेला ऐकला नाही.